कासच्या मातीत धूमकेतूचे हिरे? दावा तपासून पाहू

साताऱ्या-सांगलीकडच्या ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, आणि विहिरींच्या खोदकामात चमकणारे कण म्हणजे सूक्ष्म हिरे. असे हिरे फक्त आघातातूनच बनतात. म्हणजे 12,800 वर्षांपूर्वीचा धूमकेतू इथेही आदळला. हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आणि कासची गोल डबकी त्याचीच साक्ष.

आधी चमक. या धूमकेतूच्या आघाताच्या वादातले हिरे काही नॅनोमीटरचे असतात आणि एका मिलिमीटरात 10 लाख नॅनोमीटर मावतात. ते डोळ्यांना सोडाच, शाळेच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत चमकते ती गारगोटी, कॅल्साइट किंवा झिओलाइट. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर कॅल्साइट. ‘काचेवर ओरखडा उठला म्हणजे हिरा’ हेही खोटं, गारगोटीसुद्धा काच ओरखडते.

‘फक्त आघातातूनच’ हेही चूक. 1987 मध्ये उल्कापाषाणांत सापडलेल्या नॅनोहिऱ्यांपैकी किमान काही सूर्यमालेहूनही जुने असावेत, असं त्यांच्यात अडकलेल्या वायूंवरून दिसतं. स्फोटकांच्या काजळीत ते बनतात, मेणबत्तीच्या ज्योतीतही आढळले आहेत. जर्मनीतलं रीस आणि सायबेरियातलं पोपिगाय या विवरांत आघाताचे खरे हिरे आहेत, पण तिथे विवर आहे, वितळलेला खडक आहे, धक्क्याने बदललेली खनिजं आहेत. नुसत्या हिऱ्यावर निकाल लागत नाही.

आता ‘सिद्ध केलंय’. 2007 मध्ये 12,800 वर्षांपूर्वीच्या धूमकेतूची कल्पना मांडली गेली, 2009 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या थरांत नॅनोहिरे सापडल्याचा दावा आला आणि 2010 मध्ये दुसऱ्या गटाने तशाच नमुन्यांत हिरे नसून ग्राफीनचे, म्हणजे एका अणूइतक्या पातळ कार्बन-पापुद्र्यांचे, पुंजके असल्याचं दाखवलं. वाद अजून चालू आहे. घोळ इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या वलयांत होतो. इलेक्ट्रॉनचा झोत नमुन्यातून गेला की ही वलयं पडतात, आणि त्यांवरून अणूंच्या थरांमधलं अंतर अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या भागात, मोजतात. घन हिऱ्याची वलयं 2.06, 1.26 आणि 1.08 अँगस्ट्रॉमवर येतात. ग्राफीनची 2.13 आणि 1.23 वर, म्हणजे मोजपट्टी जरा सरकली की दोन्हींची गल्लत. लॉन्सडेलाइट, म्हणजे षटकोनी हिरा म्हणायचं असेल तर 1.93 चं वलयही दिसलंच पाहिजे. त्याहून वाईट फसवणूक तांब्याची. त्याची वलयं 2.09, 1.81, 1.28 वर येतात, आणि नमुना ठेवायची जाळीच बहुधा तांब्याची असते! म्हणून वलयांवर थांबू नये. इलेक्ट्रॉन ऊर्जाक्षय वर्णपट, म्हणजे नमुन्यातून जाताना इलेक्ट्रॉन किती ऊर्जा गमावतात त्याचा आलेख, घ्यावा. 285 इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ ठळक शिखर आलं तर त्यात ग्राफाइटसारखा कार्बन आहे. शुद्ध हिऱ्यात ते नसतं.

कासची डबकी जांभ्याच्या असमान झिजेतून होतात. आपल्याकडचं खरं आघातविवर लोणार, 1.8 किलोमीटर व्यासाचं. तिथे धक्क्याने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार, म्हणजे मास्केलिनाइट सापडतं. कासला असलं काही दाखवल्याशिवाय विवराची भाषा करू नये.

तरीही कुणाला तपासायचंच असेल तर नमुना एकाच थरातून न घेता वरून, मधून आणि खालून घ्या. हिऱ्याच्या पात्याने कापू नका, हिऱ्याची पॉलिश पेस्ट जवळही आणू नका. प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाने दगड विरघळवतात, मग ऑक्सिडीकारकाने सेंद्रिय कार्बन काढतात. हायड्रोफ्लोरिक हाडापर्यंत जाळतं, ते घरी किंवा कॉलेजच्या बाकावर करूच नये. जाळी मॉलिब्डेनमची मागा, आणि सोबत एक कोरा, म्हणजे माती-दगड नसलेला, नमुना त्याच आम्लांतून, त्याच भांड्यांतून काढा. कोऱ्यातही ‘हिरे’ निघाले तर ते भांड्यातले किंवा आम्लातले आहेत.