आम्ही स्टेडियम मागत नाही, चाळीस बाय वीसची फरशी मागतोय

"हॉलमध्ये फुटबॉल चालत नाही." हे वाक्य ऐकून ऐकून डोकं फिरायची वेळ आलीय. आमच्या इथला सरकारी हॉल लोकांच्या पैशातून बांधलाय. वर छप्पर आहे, खाली सपाट पक्की फरशी आहे, लाईट आहे. आत हँडबॉलचं कोर्ट आखलंय, ४० बाय २० मीटरचं. फुटसाल म्हणजे छपराखाली पक्क्या फरशीवर पाच-पाच जणांत खेळायचा फुटबॉल. आंतरराष्ट्रीय फुटसालचं कोर्टही तेवढंच असतं. गोलपोस्टचं मापसुद्धा तेच, ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. म्हणजे नवीन बांधायचं काही नाही, आणायचं काही नाही. फक्त कुलूप काढायचंय. आणि पोरं बाहेर पायरीवर बूट हातात घेऊन बसलेली, कारण आत साड्यांचा सेल लागलाय.

साड्यांचा सेल संपला की लग्न असतं. लग्न संपलं की कार्यकर्ता मेळावा. मांडववाले कोर्टावरून लोखंडी पाईप फरफटत नेतात, ते चालतं. केटररची तेलकट पातेली रेषांवर मांडतात, तेही चालतं. पण दहा पोरांनी तिथं चेंडू खेळवायचा म्हटलं की भिंती खराब होतात! अहो, फुटसालचा चेंडू चार नंबरचा असतो आणि मुद्दाम कमी उसळणारा बनवलेला असतो. दोन मीटरवरून सोडला तर फार तर ६५ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियमच आहे. तो जमिनीलगत पळतो. हे मी तिथल्या साहेबांना चेंडू हातात देऊन दाखवलं. त्यांनी चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही. "मैदानावर खेळा की," म्हणाले आणि फोन उचलला.

हे सगळं आत्ताच का उफाळून आलंय, तर २०२६ च्या २७ जानेवारीपासून जकार्तात पुरुषांची आशियाई फुटसाल स्पर्धा झाली. ७ फेब्रुवारीपर्यंत चालली, सोळा देश खेळले. आपण त्यात नव्हतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कुवेतला पात्रता फेरी झाली. आपल्या गटात कुवेत, ऑस्ट्रेलिया आणि मंगोलिया. कुवेत आणि ऑस्ट्रेलियाकडून हरलो, मंगोलियाला हरवलं. भारताच्या पुरुष संघाचा फुटसालमधला तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्या पोरांचं मला मनापासून कौतुक आहे. ज्या देशात सरावाला धड कोर्ट मिळत नाही तिथून जाऊन त्यांनी मॅच काढली, ही साधी गोष्ट नाही. पण त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी तिरंग्याचं चित्र लावून "अभिमान" लिहिलं, त्यांच्यातल्या किती जणांच्या ताब्यात असल्या हॉलच्या किल्ल्या आहेत, ते मला विचारायचंय. आमच्या इथल्या एकाच्या ताब्यात तर नक्की आहे. त्याचा स्टेटस मी स्वतः बघितलाय.

त्याआधी २०२३ मध्ये आपण पहिल्यांदा या पात्रता फेरीत उतरलो, ताजिकिस्तानात, दुशान्बेला. एकही मॅच जिंकता आली नाही. पहिल्यांदा आणि तेही २०२३ मध्ये! ही आशियाई स्पर्धा १९९९ पासून चालू आहे. तोवर तिच्या सोळा स्पर्धा होऊन गेल्या होत्या आणि त्यातल्या बारा एकट्या इराणनं जिंकल्या होत्या. आपण पहिलं पाऊल टाकलं तेव्हा समोरच्यांच्या घरात दुसरी पिढी खेळत होती.

आणि २०२६ च्या जानेवारीतच दक्षिण आशियाई देशांची पहिली फुटसाल स्पर्धा झाली. भारत होता, नेपाळ, बांगलादेश, मालदीव, सगळे होते. खेळायला कुठं गेले? थायलंडला! दक्षिण आशियाची स्पर्धा, आणि फरशी थायलंडची. हे वाचून कुणाला काहीच कसं वाटत नाही? मला तर लाज वाटली.

मी कोल्हापूरचा. इथं कुणाला फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की पेठेत त्या दिवशी दुसरा विषय निघत नाही. २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, त्या संघात अनिकेत जाधव आमचाच. बोळात दोन विटा ठेवून खेळणारी पोरं इथं घराघरांत आहेत, आणि अडचणीच्या जागेत चेंडू पायाखाली दाबून ठेवायचा, अंग फिरवून माणूस काढायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. फुटसालला दुसरं काय लागतं? जागा कमी, माणूस अंगावर, निर्णय अर्ध्या सेकंदात. ब्राझीलचे रोनाल्डिन्यो, नेमार लहानपणी याच खेळात घडले. आमच्या गल्लीतल्या पोराच्या पायात ते निम्मं आधीपासून आहे. उरलेलं निम्मं कोर्टावरच येतं. किक-इन, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू पायानं आत घालणं, चार सेकंदांत घ्यायचा. चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं, त्यामुळं वीस मिनिटांचा हाफ वीस मिनिटं खरोखर पळवतो. हाफमध्ये सहावा फाउल झाला की समोरच्याला थेट फटका मिळतो, आडवी खेळाडूंची भिंतही उभी करता येत नाही, म्हणून पाच फाउल झाल्यावर अंग आवरून कसं खेळायचं ते अंगवळणी पडावं लागतं. शेवटच्या मिनिटांत गोलकीपर काढून पाचवा माणूस पुढं घालायचा आणि रिकामा गोल सोडून चेंडू फिरवत राहायचा, याला किती सराव लागत असेल, विचार करा. हे टर्फवर होत नाही.

टर्फचं नाव काढलंच आहे तर बोलतो. "अहो, जागोजागी टर्फ झालेत की, तिथं खेळवा." हा सल्ला मला रोज कुणी ना कुणी देतं. टर्फ म्हणजे नकली गवत आणि चहूबाजूंनी जाळी. जाळीला चेंडू आपटून परत येतो, बाहेर जातच नाही. मग किक-इन कुठला आणि चार सेकंद कुठले? गवतावर चेंडू अडतो आणि उडतो, तळव्यानं ओढायची जी फुटसालची खरी कला, ती बसतच नाही. पडलं की गुडघे सोलून निघतात ते वेगळंच. बरं, तेवढ्यावरही भागवलं असतं. पण संध्याकाळी सहा ते अकरा तिथं बॉक्स क्रिकेट. तासाला हजार-बाराशे मोजणारे ग्रुप महिनाभर आधी बुकिंग करून बसलेले. आमच्या पोरांतला कुणाचा बाप रिक्षा चालवतो, कुणाचा फाउंड्रीत आहे. ही पोरं वर्गणी काढून कुठवर पुरणार? टर्फवाल्यावर माझा राग नाही, त्यानं कर्ज काढून धंदा घातलाय. राग आहे तो सरकारी हॉलला कुलूप लावून आमच्या पोरांना त्या टर्फच्या दारात उभं करणाऱ्यांवर.

दुसरा एक शहाणा सल्ला असतो. "आधी अकरा जणांचा फुटबॉल तरी नीट खेळा, हे पाचाचं खूळ कशाला?" म्हणजे एक जमत नाही म्हणून दुसरंही करायचं नाही. अफगाणिस्तानकडे बघा. त्या देशावर काय काय गुदरलंय ते साऱ्या जगाला माहीत आहे. तो अफगाणिस्तान २०२४ च्या फुटसाल विश्वचषकाला पात्र ठरला, उझबेकिस्तानात जाऊन अंगोलाला ६-४ नं हरवून आला आणि बाद फेरीत पोचला. पुढं जकार्तालाही गेला. ताजिकिस्तानही त्या विश्वचषकात होता. फिलिपिन्स हा बास्केटबॉलवेडा देश, त्यानं २०२५ च्या अखेरीस बायकांचा पहिला फुटसाल विश्वचषक स्वतःच्या घरी भरवला. यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा आहे? जास्त माणसं आहेत?

आणि आपल्याकडे पैसा आलाच नव्हता असंही नाही. २०१६ मध्ये प्रीमियर फुटसाल नावाची लीग झाली, चेन्नईत आणि गोव्यात. पोर्तुगालचा माजी फुटबॉलपटू फिगो अध्यक्ष. ब्राझीलचा फाल्काओ आला, या खेळातला सगळ्यात मोठा माणूस. गोव्याच्या संघातून रोनाल्डिन्यो खेळला, मुंबईकडून मँचेस्टर युनायटेडचा जुना खेळाडू रायन गिग्ज. मुंबईनं ती लीग जिंकलीसुद्धा. फुटबॉलचं राष्ट्रीय फेडरेशन तेव्हा त्या लीगच्या विरोधात उभं होतं. पुढच्या वर्षी एक मोसम झाला आणि सगळं बंद. तेव्हा पडद्याला डोळे लावून बसलेली दहा वर्षांची पोरं आज वीस वर्षांची आहेत. त्यांच्यासाठी त्या झगमगाटातून मागं काय राहिलं? एक कोर्ट? एक प्रशिक्षक? काही नाही. फेडरेशनची स्वतःची क्लब स्पर्धा सुरू व्हायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला, आणि तीही वर्षातून काही दिवसांची. वर्षभराची जिल्ह्याची लीग नसेल तर त्या काही दिवसांत उतरायला खेळाडू आणायचे कुठून? गवतावरचा फुटबॉल सोडून दोन महिन्यांत फरशीवर या, असं सांगून पोरांना इराणी तालमीत तयार झालेल्यांसमोर उभं करायचं आणि दहा गोल खाल्ले की "आपली लायकीच नाही" म्हणायचं. हे ऐकलं की माझं रक्त उसळतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती पावसाळ्याची. जूनमध्ये आमच्याकडे पाऊस लागला की मैदानाचा चिखल होतो. फुटबॉलचा मोसम संपलेला असतो. चार महिने शेकडो पोरं मोकळी. या वयात चार महिने चेंडूपासून लांब राहिलेलं पोरगं कशाला लागतं ते पेठेतल्या कुठल्याही आईला विचारा. मोबाईल, कट्टा, गाड्या. उरुग्वेतल्या मॉन्टेव्हिडिओत १९३० मध्ये सेरियानी नावाच्या शिक्षकानं हा खेळ बसवला तो वायएमसीएच्या बास्केटबॉल कोर्टावर, पोरांना छपराखाली खेळता यावं म्हणून. जो खेळ जन्मालाच याच अडचणीतून आला, तो आम्ही छप्पर असून खेळू शकत नाही. पाऊस धो धो पडतोय, हॉल आतून कोरडा ठणठणीत, कोर्ट आखलेलं, आणि दाराला कुलूप. लग्नसराईही नसते हो त्या दिवसांत! मग भिंती कुणासाठी जपताय?

मला जकार्तातल्या इंडोनेशिया अरेनासारखं स्टेडियम नको. फिगो, रोनाल्डिन्यो नकोत. उद्घाटन नको, फीत नको, फ्लेक्स तर अजिबात नको. स्टोअररूममध्ये हँडबॉलचे गोलपोस्ट गंजत पडलेत ते बाहेर काढा. गंज आम्ही घासतो, रंग आम्ही लावतो, जाळी आम्ही विकत आणतो. भिंतीला डाग पडला तर चुना आम्ही मारतो, तसं लिहून देतो, सही करतो, अनामत ठेवतो. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, दोन-दोन तास. दर पावसाळ्यात, न चुकता, कुठल्या साहेबाची बदली झाली तरी. एवढं आदेशात लिहून द्या आणि यंदा जून लागायच्या आत द्या.