गल्लीचा रस्ता होण्याआधी जमिनीखालची ड्रेनेज लाईन बदलून घ्या

२०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत बेळगावचे नाव आले आणि तेव्हापासून शहरातील रस्त्यांचे रूप बरेच पालटले. काँक्रीट पडते, पेव्हर बसतात, गल्ली उजळून निघते. मात्र जुन्या वस्तीत, म्हणजे शहापूर, खासबाग, वडगाव किंवा शहराच्या मधल्या गल्ल्यांमध्ये, त्या काँक्रीटच्या खाली प्रत्येक घरातून बाहेर पडणारी सांडपाण्याची लाईन बहुतेक ठिकाणी वाडवडिलांच्या काळातीलच राहते. मग वर्षा-दोन वर्षांत कोणाच्या तरी न्हाणीत पाणी तुंबते आणि नव्या रस्त्याला ब्रेकर लागतो. माझे मत सरळ आहे. रस्त्याचे काम मंजूर झाल्याचे कानावर येताच गल्लीतील घरमालकांनी एकत्र बसावे आणि घरापासून रस्त्यातील चेंबरपर्यंतची लाईन रस्ता होण्याआधीच सर्वांनी मिळून नवी करून घ्यावी. मुख्य यूजीडी लाईन, म्हणजे रस्त्याखालची भुयारी गटार, सांभाळणे महानगरपालिकेचे काम असले, तरी तिथपर्यंत पोहोचणारा घरचा तुकडा हा व्यवहारात घरमालकाच्याच गळ्यात असतो.

जुन्या घरांची लाईन बहुधा चिनीमातीसारख्या झिलईच्या, भाजलेल्या मातीच्या पाइपांची असते. हा पाइप वाईट नव्हे. सांडपाण्यातील आम्लाने तो खात नाही आणि धक्का लागला नाही तर पिढ्यान् पिढ्या टिकतो. त्याचे दुखणे सांध्यात आहे. हे पाइप दोन-अडीच फुटांचे तुकडे असतात, त्यामुळे तीस फुटांच्या लाईनीत दोन फुटी तुकडे धरले तर चौदा सांधे येतात, आणि प्रत्येक सांधा सुतळी भरून सिमेंटने बंद केलेला असतो. सिमेंट लवचिक नसते. वडगाव-शहापूरकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि त्या ओढाताणीत सांधा तडकतो. तडकलेल्या सांध्यातून ओल बाहेर येते आणि त्या ओलीच्या मागावर परसातील उंबर, पिंपळ, शेवगा यांची मुळे आत शिरतात. त्यांच्या मागोमाग घुशी येतात. घुशीने पाइपालगत बीळ पाडले, की पावसाचे पाणी आजूबाजूची माती थोडी थोडी पाइपात ओढून नेते आणि एके दिवशी अंगणातील फरशी खचते. तेव्हा घरमालक गवंड्याला बोलावून फरशी सारखी करून घेतो. खाली काय झाले आहे, हे कोणी पाहत नाही.

फुटक्या लाईनीचा खरा धोका दुर्गंधीपेक्षा पिण्याच्या पाण्याला आहे. बेळगावच्या जुन्या घरांत विहीर असणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचे पाणी लांबले की याच विहिरी आठवतात. विहिरीपासून काही हातांवर गळणारी ड्रेनेज लाईन असेल, तर तळाशी दिसणारे स्वच्छ पाणी स्वच्छ असेलच असे नाही. नळाचे पाणीही सुरक्षित नसते. पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते तेव्हा मधल्या काळात नळाची वाहिनी रिकामी पडते, तिच्यातील दाब उतरतो आणि जवळच साचलेले सांडपाणी बारीक छिद्रातून आत ओढले जाते. पाणी आल्यावर पहिल्या बादलीला वास का येतो, याचे उत्तर अनेकदा येथे सापडते. २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा येथील काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, त्याचा एक मोठा फायदा हाच होता की सतत दाब असलेल्या वाहिनीत बाहेरची घाण सहसा शिरत नाही. सगळीकडे तसे पाणी येईल तेव्हा येईल. निदान आपली ड्रेनेज लाईन तरी गळती नसावी.

आता दुरुस्तीविषयी. पाणी तुंबले की माणूस बोलवायचा, बांबूच्या पट्ट्या किंवा सळई घालून चोकअप काढायचा आणि पैसे देऊन मोकळे व्हायचे, यालाच आपल्याकडे दुरुस्ती म्हणतात. ती सफाई झाली. मुळे छाटली तरी सांधा उघडाच राहतो, आणि छाटलेले मूळ पुन्हा जोमाने वाढते. एकाच मोरीचे पाणी अडत असेल तर बिघाड तिच्या जाळीत किंवा ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, असतो, तेथे खोदकामाची गरज नाही. वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या न्हाणीतून पाणी वर येत असेल, किंवा दरवर्षी त्याच दिवसांत तेच चेंबर भरत असेल, तर मात्र घरापासून चेंबरपर्यंतची लाईनच बिघडली असे समजावे. खोदण्याआधी आत कॅमेरा घालून पाहण्याची सोय मिळाली तर ती अवश्य घ्यावी, कारण अंदाजाने फोडलेल्या फरशीचा खर्च बहुधा त्याहून जास्त होतो. एखादाच सांधा गेला असेल तर तेवढा तुकडा कापून बदलता येतो. चार ठिकाणी मुळे दिसली, किंवा लाईन मध्येच बसून तिथे पाणी साचलेले दिसले, तर ठिगळे लावू नयेत. जुन्या पाइपात राळेत भिजवलेली नळी सरकवून ती आतच कडक करण्याची पद्धतही आहे आणि फरशी न फोडता काम होते म्हणून ती मोहात पाडते. पण ती नळी जुन्याच उताराने जाते, म्हणून खचलेल्या लाईनीला तिचा उपयोग नाही.

नवी लाईन टाकताना पाइपाच्या कंपनीवर जेवढी चर्चा होते, त्याच्या दहाव्या हिश्शानेही उतारावर होत नाही. जुने मिस्त्री सांगत तो हिशेब अजून कामाचा आहे: चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. म्हणजे तीस फुटांच्या चार इंची लाईनीला नऊ इंच उतार हवा, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा हवा. सांडपाणी साधारण सेकंदाला ०.६ मीटर वेगाने वाहिले तरच मैला आणि वाळू पाण्याबरोबर पुढे जातात. घरे उंच-सखल असलेल्या गल्लीत रस्त्याची पातळी काँक्रीटच्या प्रत्येक थराबरोबर वर चढते आणि घर खाली राहते, हे तर आपण पाहतोच. अशा घरांनी लाईनीत उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व बसवावा. ऑगस्ट २०१९ च्या पुराने शहरातील सखल भागात जे केले, ते ज्यांनी अनुभवले त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पाइप प्लॅस्टिकचा घ्यायचा तर भारतीय मानक १५३२८ चा, जमिनीखालच्या ड्रेनेजसाठी बनवलेला घ्यावा. तो बहुधा विटकरी-नारिंगी रंगाचा असतो. भिंतीवरून उतरणारा करडा एसडब्ल्यूआर पाइप इमारतीसाठी असतो, आणि शेतात पाणी नेणारा पातळ पाइप तर या कामाचाच नव्हे. तरीही स्वस्त पडतो म्हणून तोच पुरला जातो आणि वरून गाडी गेली की चपटा होतो. गाडी जाणार असेल तेथे अधिक ताठपणाचा वर्ग मागावा. तळाशी खडे-दगड न ठेवता वाळूची किंवा बारीक खडीची सारखी गादी करावी, सॉकेटचे, म्हणजे पाइपाच्या रुंद टोकाचे, तोंड येणाऱ्या पाण्याकडे ठेवावे, सांध्याला रबरी रिंग असावी म्हणजे जमीन हलली तरी सांधा सांभाळून घेतो. काटकोनी वळण घालू नये. जिथे वळण तिथे चेंबर, आणि चेंबरच्या तळाला सपाट सिमेंट न थापता अर्धगोल पन्हळ काढलेली असावी. विटांच्या चेंबरला आतून नीट गिलावा केला नाही, तर नव्या पाइपाचा खर्च वाया जातो.

माती लोटण्याआधी चाचणी घ्या, ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती आहे. खालच्या टोकाला बूच मारून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरावे आणि ते उतरते का पाहावे. त्यानंतर एका चेंबरात विजेरी व दुसऱ्यात आरसा धरावा. लाईन सरळ असेल तर प्रकाशाचा पूर्ण गोल दिसतो, अर्धाच दिसला तर पाइप मध्ये बसला आहे. याला पैसे लागत नाहीत. कंत्राटदार कुरकुर करतो, कारण त्याला संध्याकाळपर्यंत खड्डा बुजवायचा असतो.

गच्चीचे पाणी या लाईनीत सोडू नये. आपल्याकडचा पाऊस पाहता एकाच तासात लाईन भरून तिचे पाणी शेजाऱ्याच्या घरात निघते. उलट बाजूने, संडासाची जोडणी पावसाच्या गटारीला करणारेही आहेत. ते पाणी पुढे बळ्ळारी नाल्यातून अनगोळ, शहापूर, वडगावच्या शिवारात जाते. हलग्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी जाण्यावरून किती कटुता झाली, हे बेळगावकरांना ठाऊक आहे. शेतकऱ्याने जमीनही द्यायची आणि उरलेल्या शेतात आपले मैलापाणीही घ्यायचे, हे मला पटत नाही.

खोल चेंबरमध्ये किंवा शौचखड्ड्यात माणूस उतरवू नका. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने असे जीवघेणे काम करवून घेणे गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. यंत्र बोलवा, थांबावे लागले तरी चालेल.

राहिला गल्लीचा प्रश्न. गणपती झाल्यावर बोलणी सुरू करावीत, दिवाळीनंतर खोदकाम काढावे आणि वळवाचे पाऊस लागण्याआधी माती दाबून बसलेली असावी. रस्ता खोदण्याची परवानगी आधी घ्यावी. कागदपत्रे कन्नडमध्ये असतात, तेव्हा गल्लीतील कन्नड वाचणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावे. जुन्या बोळांत तीन-चार घरांची मिळून एकच लाईन असते आणि भांडण नेमके तेथे होते: वरच्या टोकाचा म्हणतो माझे पाणी अडत नाही, खालच्या टोकाचा म्हणतो सगळ्यांची घाण माझ्या दारात. माझ्या मते सामाईक तुकड्याचा खर्च फुटांवर किंवा माणसांवर न विभागता घरांवर समान विभागावा आणि स्वतःच्या उंबरठ्याआतील खर्च ज्याचा त्याने करावा. भाडेकरूवर तो लादू नये, लाईन मालकाची आहे. आणि काम झाल्यावर चेंबर, वळणे व खोली दाखवणारा साधा हाती काढलेला नकाशा प्रत्येक घराने घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी पाण्याचा किंवा गॅसचा पाइप टाकायला येणाऱ्यांना काय कुठे आहे ते दाखवता येईल.