तीन मतांची सक्ती आणि आपले चार सदस्यांचे प्रभाग

मुंबई सोडली तर महाराष्ट्रातल्या महापालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. चारही जागांसाठी बटण दाबायचं, कुणीच नको असेल तर ‘नोटा’. ही पद्धत पक्षांच्या सोयीची की मतदारांच्या, हा वाद दर निवडणुकीला पेटतो. इथे टांझानियात दार-ए-सलामला बसून तो वाचताना टांगानिकाची (म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागाची) 1958-59ची कायदेमंडळाची निवडणूक समोर येते.

ब्रिटिश अमलाखालच्या या प्रदेशात आफ्रिकी लोक 85 लाखांच्या वर, आशियाई पाऊण लाखाच्या आसपास, युरोपीय सुमारे 20 हजार. तरी दहा मतदारसंघांत प्रत्येकी तीन जागा, एकेका वंशाला एक. मताचा हक्क मिळायला वर्षाला 150 पौंड उत्पन्न, आठवीपर्यंत शिक्षण किंवा ठरावीक पद यांपैकी एक हवं. त्यात मत तिघांना द्यायचंच. एक जरी राहिलं तरी सगळं बाद. ‘नोटा’ नव्हताच.

जानेवारी 1958मध्ये तबोरा शहरातल्या अधिवेशनात स्वातंत्र्य मागणाऱ्या ‘टानू’ (टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन) पक्षातला मोठा गट या निवडणुकीवर बहिष्कार टाकण्याच्या बाजूचा होता. पक्षाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांनी लढायचं ठरवून घेतलं, कारण आपण बाहेर राहिलो तर गव्हर्नरच्या मर्जीतल्या युनायटेड टांगानिका पार्टीला रान मोकळं. झुबेरी म्टेम्वू याच मुद्द्यावर पक्ष सोडून गेले. मग टानूने आशियाई आणि युरोपीय जागांवरही आपल्याला मानणारी माणसं शोधली: सोफिया मुस्तफा, अमीर जमाल, डेरेक ब्राइसन. मतदाराला तीन मतं द्यावीच लागत होती, पक्षाने तिन्ही नावं हातात दिली. जवळपास सगळ्या जागा टानूच्या पाठिंब्यावर आल्या.

वसाहतीविरुद्ध हा डाव योग्यच होता. पण त्यामागचं गणित आपल्याकडेही तेच आहे. मतदारसंघ मोठा आणि मतं अनेक असली की शाखा, कार्यकर्ते आणि पूर्ण पॅनेल असलेलाच टिकतो. एकट्या अपक्षाला चौपट वस्ती पालथी घालावी लागते. मतदाराला एक नाव माहीत असतं, उरलेली तीन बटणं तो चिन्ह बघून दाबतो. निवडून आल्यावर तुंबलेल्या गटाराची तक्रार चौघांपैकी कुणाकडे करायची, हेही ठरत नाही.

आरक्षणासाठी चार सदस्य लागतात, हे कारण पटत नाही. महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमातींच्या जागा मुंबईत एक सदस्यीय प्रभागांतच ठरतात. पुणे, नागपूर, नाशिकला तेच लागू करा.