फकिरी, वेतनश्रेणीसह

सूफी पंथावर पीएच.डी. करताय? छान. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरात ही बातमी फुटली की काका आधी विचारतील, "सोफा? फर्निचरात पडलास होय?" हसून घ्या. प्राध्यापकी लागली की हेच काका लग्नाकार्यात तुम्हाला मिरवतील.

फारसीच्या नादी मात्र लागू नका. इंग्रज पंडित निकल्सनसाहेबांनी सूफी कवी रूमीचं फारसी महाकाव्य 'मसनवी' मूळ, भाषांतर आणि भाष्यासकट आठ खंडांत छापलं, त्यात १९२५ ते १९४० गेलं. तेवढ्यात आपल्याकडे माणूस विभागप्रमुख होतो. सूफी पंथाच्या जर्मन अभ्यासक आनेमारी शिमेलबाई तर एकोणिसाव्या वर्षीच डॉक्टरेट घेऊन मोकळ्या झाल्या आणि पुढे सिंधीसुद्धा शिकल्या. हे नाव गाइडसमोर काढू नये, दुखतं त्यांना. रूमीची वचनं रोज सकाळी मोबाइलवर येतातच. ती बरेचदा त्याची नसतात, पण तेवढं कोण बघतो!

विषय घरचाच घ्या: शत्तारी या सूफी शाखेचे ग्वाल्हेरचे संत मुहम्मद गौस. योगावरचा 'अमृतकुंड' त्यांनी फारसीत नव्यानं मांडला, 'बहर-उल-हयात' म्हणून. शहजादा सलीमसाठी १६०० ते १६०४ च्या सुमारास त्याची सचित्र प्रत झाली. लंगोटी नेसलेले जोगी, आसनं एकवीस. ती आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ताबडतोब प्रवासखर्चाचा अर्ज टाका. खुद्द गौस इथेच, ग्वाल्हेरातल्या हजिऱ्याला, कबरीत झोपलेत, पण टेम्पोवाला पावती देत नाही. तेव्हा तिकडे जाण्यात अर्थ नाही.

गेलातच तर घोटाळा होईल. मोठा घुमट तानसेनाचा समजून लोक फोटो काढतात, तो गौसांचा. तानसेन शेजारच्या छोट्या मंडपात. आवाज सुधारावा म्हणून चिंचेचा पाला चघळणारे तिथेच भेटतील. दुपारी दगडी जाळ्यांतून ऊन फरशीवर उतरतं, ते बघत बसलात तर त्या दिवशी टिपणं होणार नाहीत. आणि तानसेन समारोहाच्या सकाळी तर मुळीच जाऊ नका: कबरीपाशी कीर्तनकार ढोलीबुवांची हरिकथा होते, पैगंबरांच्या स्तुतीचा मिलादही होतो. हे कुठल्या प्रकरणात घालणार? 'हिंदू प्रभाव' की 'मुस्लिम प्रभाव'? गाळून टाका.

आजीलाही काही विचारू नका. महादजी शिंद्यांचे गुरू सूफी संत मन्सूरशहा बीडचे, त्यांचा उरूस शिंद्यांच्या जुन्या गोरखी वाड्याच्या देवघरात होतो, हे ती कुकरच्या दोन शिट्यांमधल्या वेळात सांगून मोकळी होईल. तुमचा अख्खा दुसरा अध्याय तिथेच आटोपेल. फारच टोचलं तर तळटीप द्या: 'एक स्थानिक वृद्धा, मुलाखत, स्वयंपाकघर.'