काडतुसं भरायचं सामान का दिलं नाही: दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आमच्या बंदुकांच्या दुकानाला एक स्टार दिलाय. घरी काडतुसं भरायला प्रायमर (काडतुसाच्या बुडाला बसते ती ठिणगी पाडणारी टोपी) आणि बंदुकीची दारू दिली नाही, चार माणसांत आवाज चढवला आणि फॅक्टरीची महाग काडतुसं खपवायला हे सगळं केलं, असं तुमचं म्हणणं. आवाज चढला हे खरं. त्याची माफी इथंच, सगळ्यांसमोर मागतो. पण सामान दिलं नाही ते बरोबरच केलं. खानापूर, जांबोटी, चंदगडकडचे आणखी दोघं-तिघं हल्ली हेच विचारून गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशाचं आधी संपवतो. लायसन्सवर जेवढी काडतुसं लिहिली आहेत तेवढीच आम्ही देऊ शकतो, आणि नगानग रजिस्टरला चढतो. तुम्ही दहा पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) घरी भरल्यात म्हणून आमचं दुकान बुडत नाही.

कायद्याचं म्हणाल तर 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे. त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा त्यातच येतात. परवान्याशिवाय काडतूस बनवणं कलम 5 च्या विरुद्ध आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे. तुमचं रिव्हॉल्वरचं लायसन्स ते बाळगण्याचं आहे, काडतुसं बनवण्याचं नाही. तेव्हा 'माझं लायसन्स आहे की' हे इथं चालत नाही.

आता तुम्ही घरी शिसं ओतून केलेल्या, डबीतून आणलेल्या गोळ्या. काउंटरवर तुमच्यासमोरच व्हर्नियर लावून त्यांची जाडी मोजली होती. तुमच्या रिव्हॉल्वरच्या .32 लाँग काडतुसाची गोळी साधारण 7.92 मिलिमीटरची. तुमच्या सातातल्या दोन 7.8 च्या आसपास निघाल्या, एक 8 च्या वर गेली, आणि एकीच्या बुडाला टाचणी शिरेल एवढं भोक होतं. वरून सगळ्या चकचकीत, हौसेनं ओतलेल्या, ते मलाही दिसलं. पण गोळी बारीक पडली की गरम वायू तिच्या कडेनं निसटतो, शिसं वितळून नळीच्या खाचांत बसतं, आणि बुडाला भोक असेल तर ती सरळ जाईल याचा भरवसा नाही.

आणि आजोबा घरी काडतुसं भरायचे, हे तुम्ही लिहिलंय ते मी खोटं म्हणत नाही. माझ्या वडिलांनीही बारा बोअरच्या बंदुकीच्या पितळी पुंगळ्या भरलेल्या मी पाहिल्यात. पण ती काळी दारू होती. तिनं पुंगळी बरीचशी भरते, चुकून दोनदा घातली तर वर सांडते, हाताला कळतं. रिव्हॉल्वरच्या बिनधुराच्या दारूचं माप चिमूटभर असतं, पुंगळीत निम्मी जागा रिकामी राहते. दोनदा पडलं तरी बाहेरून काही दिसत नाही, गोळी नेहमीसारखीच बसते. घोडा दाबला की काडतुसं बसतात तो रिव्हॉल्वरचा फिरता सिलिंडर फाटतो, आणि तो तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. तुम्ही विचारलंत तशी फटाक्याची दारू तर मनातही आणू नका.

उलटंही होतं. एका पुंगळीत दारू पडायचीच राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते. आवाज बारीक येतो, माणसाला वाटतं काडतूस फुसकं निघालं, आणि तो पुढची झाडतो. बारा-पंधरा वर्षांपूर्वी असंच एक रिव्हॉल्वर दुकानात आलं होतं. नळीच्या मध्यावर अंगठी घातल्यासारखा फुगवटा, आत दोन गोळ्या एकमेकींत घुसलेल्या. माणूस वाचला. मोठा आवाज झाला की त्याचा हात अजून थरथरतो, कारण त्या दिवशी त्याचा मुलगा शेजारी उभा होता.

तुम्ही म्हणता त्या व्हिडिओत अमेरिकेतली माणसं घरी काडतुसं भरतात, ते खरंच आहे. तिथं ते कायदेशीर आहे. दारूच्या प्रत्येक जातीचं वेगळं छापील कोष्टक मिळतं, सुरुवात कमी मापानं करतात, वजन ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. आणि गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या ओळीनं लावून उजेडात आतली दारू बघतात. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलेलं दिसतं.

आता माझा आवाज का चढला ते. तुम्ही म्हणालात, टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं घरातल्या गॅसवर पातेल्यात वितळवली, आणि धाकटी साचा धरायला होती. दादा, तिथं मला राहवलं नाही. शिसं 327 अंशाला वितळतं. वरची मळी काढताना उडणारी भुकटी ओट्यावर, भांड्यांवर बसते, मग हातातून पोटात जाते, आणि वाढत्या लेकरांच्या मेंदूला ती सगळ्यात वाईट. वितळलेल्या शिशाखाली घामाचा एक थेंब सापडला तरी वाफ होऊन सगळं शिसं तोंडावर उडतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) विचारा, ओल्या साच्यात रस ओतू देतात का.

ते पातेलं परत स्वयंपाकाला घेऊ नका. ओटा ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं टाकून द्या, झाडू मारू नका. मुलीला डॉक्टरांकडे नेऊन रक्तातलं शिसं तपासायला सांगा, हे आधी करा.

नेमबाजीचा सराव हवा असेल तर 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली एअर पिस्तूल बिनालायसन्सची मिळते. खर्च छर्‍यांचाच. रिव्हॉल्वरच्या नळीत काही साठलं असेल तर मी फुकट तपासून साफ करून देतो. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते. रिव्हॉल्वर रिकामं करून आणा, आणि मूळ लायसन्स सोबत असू दे.