आधी हे संपवा

आमच्या घरात अन्न टाकत नाहीत, ठेवतात. दुपारची चमचाभर मटकीची उसळ उरली तर ती टाकणं म्हणजे पाप. म्हणून ती वाटीत काढायची, वर ताटली झाकायची आणि फ्रिजमध्ये मागे, पार मागे, जिथे कुणाचा हात सहजासहजी जाणार नाही अशा ठिकाणी सरकवायची. तिच्यावर पांढरी लव दिसायला लागली की मग मात्र टाकायला कुणाची ना नसते. ‘खराबच झाली, आता काय करणार,’ असं जरा हळहळून म्हटलं की झालं. चांगलं टाकलं तर पाप, खराब झालेलं टाकलं तर स्वच्छता. मधले दिवस काढायला फ्रिज.

या सुरळीत चाललेल्या कारभाराला दृष्ट लागली ती आमच्या लेकीची. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024चा अन्न-नासाडीचा अहवाल वाचला आणि रात्री जेवताना जाहीर केलं, “भारतात घराघरांतून माणशी वर्षाला 55 किलो अन्न वाया जातं. आपण चौघं. म्हणजे 220 किलो.”

“कुणी टाकलं एवढं?” आईने विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. घरात काहीही कमी झालं की पहिला संशय माझ्यावर असतो.

“आजी, सरासरी आहे ती. जगाची तर 79 किलो आहे.”

“त्यात सालंबिलं धरली असतील त्यांनी.”

“हो, सालं, कोयी, हाडं, सगळं धरलंय.”

“मग शेवग्याच्या शेंगांचा चोथा पण गिळू का, विचार त्यांना.”

आईपुढे आकडे चालत नाहीत. ती करमाळ्याकडची. 1972च्या दुष्काळात ती शाळेत होती. तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि ही सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटायच्या त्या कोरड्या खाऊच्या, रांगेत उभी राहायची. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी कशी लागायची हे आई अजूनही तोंड वाकडं करून सांगते. अशा बाईला अन्नाची किंमत कोण शिकवणार? तिचं म्हणणं एवढंच, की नासाडी फ्रिज आला तेव्हापासून सुरू झाली. त्याआधी उरलेलं त्याच दिवशी कुणाच्या तरी पोटात जायचं, माणसाच्या नाहीतर जनावराच्या. मला हे पटतं, पण घरात माझं मत विचारायची पद्धत नाही.

लेकीने फ्रिजच्या हँडलला सुतळीने एक वही बांधली. जे टाकाल ते लिहायचं आणि पुढे किंमत लिहायची. पहिल्या पानावर अशा नोंदी पडल्या: कोथिंबीर अर्धी जुडी, 10 रुपये. दही, फार आंबट, 15 रुपये. काकड्या, पाणी झालेल्या. ब्रेडचे कडेचे स्लाइस, जे जगात कुणीच खात नाही. परत कोथिंबीर. महिन्याचा अंदाज काढला तर चारशे-आठशे रुपये सहज ओल्या कचऱ्याच्या बादलीत जात होते. बायको म्हणाली, “इतकी वर्षं दुधाचा हिशेब मी ठेवतेय, तो कुणी बघितला नाही. ही चित्रगुप्ताची वही मात्र सगळे वाचतायत.”

दुसऱ्या पानावर नोंदी आटल्या. लेकीला वाटलं, घर सुधारलं. खरं म्हणजे घर हुशार झालं होतं. बायको डबे रिकामे करायची ते रात्री, लेक कानात हेडफोन घालून बसली की. आई देवळाबाहेरच्या गाईला घालून यायची, आणि गाईला घातलं ते टाकलं नव्हे, त्यामुळे वहीत लिहायचा प्रश्नच नव्हता. माझ्याबद्दल मी काही बोलत नाही.

वही फसली तेव्हा फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा करण्यात आला आणि त्यावर स्केचपेनने लिहिलेली पट्टी चिकटली: ‘आधी हे संपवा’. कुणी संपवायचं ते लिहिलं नव्हतं. ते आपोआप ठरत गेलं. आईला शिळं सोसत नाही. बायकोचा सोमवार असतो, नाहीतर गुरुवार, नाहीतर चतुर्थी. लेक क्लासहून काहीतरी खाऊन आलेली असते. राहता राहिलो मी. तेव्हापासून मी घरच्या जेवणाच्या एक दिवस मागे चालतो. मंगळवारची भेंडी मला बुधवारी भेटते. रविवारी घरात श्रीखंड-पुरी झाली तेव्हा माझ्या पानात शनिवारची कढी आणि त्याहून जुनी मेथी होती. पुरी सोमवारी मिळाली, तोवर ती वातड झाली होती.

यापेक्षा जीवघेणं काम म्हणजे वास घेणं. “अहो, बघा हो जरा, वास येतोय का?” असं म्हणत बायको डबा थेट नाकाला लावते. ठीक आहे म्हटलं तर मलाच खावं लागतं. आंबूस येतोय म्हटलं तर “तुम्हाला नकोच असतं ते” हे ऐकावं लागतं. लेक पाकिटावरची तारीख वाचते, ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर उत्तम, नंतर लगेच विष नव्हे, हेही तीच समजावते. आई पाकीट बघतच नाही. खोबरं जिभेला लावते आणि म्हणते, “खवट नाहीये अजून, चटणीत चालेल.” आजवर तिचा निकाल चुकलेला मी पाहिला नाही.

फक्त भाताच्या बाबतीत लेकीने आजीचंही ऐकलं नाही. शिजलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे. भातात एका जातीच्या जिवाणूंची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ती वाढतात, विष तयार करतात आणि सकाळी फोडणी घातली तरी ते विष जात नाही. आई म्हणाली, “आम्ही जगलोच की.” पण त्या रात्रीपासून ती पातेल्याला हात लावून, निवालंय का बघून, स्वतःच भात आत ठेवते. बोलत काही नाही.

आता मुद्दा पैशांचा, कारण हे सगळं पैसे वाचवायला चाललं होतं. एका रविवारी वरच्या कप्प्यात ब्रेडचे चार जुने स्लाइस होते. त्यांचं सोनं करायचं म्हणून कटलेट ठरले. त्यासाठी मटार आणले, चीज आणलं, पुदिना आणला, तळायला तेल किती गेलं ते विचारू नका. सातआठ रुपयांचा ब्रेड वाचवायला दोनशे रुपयांचं सामान आलं, आणि त्यातलं अर्धं चीज व सगळा पुदिना पुढच्या आठवड्यात त्याच कप्प्यात संपवले जाण्याची वाट बघत बसले. शिवाय उरलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर कुणी खात नाही, या सिद्धान्तावर काचेच्या डब्यांचा सेट आला. तो वसूल व्हायला, लेकीच्याच हिशेबाने, दिवाळी उजाडेल. जुने श्रीखंडाचे डबे मात्र आईने टाकू दिले नाहीत. ते टाकणंही वायाच जाणं झालं असतं.

फोडणीच्या पोळीचं तर वेगळंच त्रांगडं. आमच्याकडे ती आई करते. पोळ्या हातानेच कुस्करायच्या, मिक्सरला लावल्या की त्यांचा भुगा होतो. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे चांगले खरपूस, कांदा मऊ झाला की हळद-तिखट, मग पोळी. वर पाण्याचा हलका हबका, झाकण ठेवून एक वाफ, शेवटी चिमूटभर साखर आणि लिंबू. हे इतकं चांगलं लागतं की सकाळी ते मिळावं म्हणून रात्री पाच पोळ्या जास्त लाटल्या जाऊ लागल्या. म्हणजे शिळं संपवण्यासाठी आधी शिळं तयार करायचं. लेक विचारात पडली, की हे बचतीत धरायचं का नासाडीत. तिला सांगितलं, हे नाश्त्यात धर.

काही गोष्टी मात्र खरोखर जमल्या, ते कबूल केलं पाहिजे. कोथिंबीर आता पिशवीत काळी पडत नाही. आणली की मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, धुवायची नाही, वर्तमानपत्राच्या कागदात सैल गुंडाळून डब्यात. कागद ओला झाला की बदलायचा. बटाट्यांची टोपली कांद्यांपासून लांब गेली, पिकली केळी बाकीच्या फळांपासून लांब गेली. केळ्यांच्या शेजारी सफरचंदांची तब्येत का बिघडायची, हे मला पंचेचाळिशीत कळलं. आणि दोडक्याच्या शिरांची चटणी परत सुरू झाली. माझी आजी करायची ती. शिरा मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ. माझ्या लेकीने ती ‘झीरो वेस्ट’ म्हणून इन्स्टाग्रामवर टाकली. आई म्हणाली, “आम्ही दोडकाच एवढासा आणायचो, त्यात दोन वेळचं कोरड्यास व्हायचं, म्हणून करायचो.”

एकदा पुलाव बराच उरला. लेक क्लासला होती, मी गावाला होतो, कप्पा भरला होता. बायकोने कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं, “मावशी, कालचा पुलाव आहे चांगला, नेता का?” मावशी ओटा पुसता पुसता म्हणाल्या, “नको वैनी. आमच्याकडं बी फ्रिज हाय. त्यात बी ह्येच हाय.” त्यानंतर बायकोने तो प्रश्न कुणालाही विचारला नाही.

मुळात इतकं का उरतं, हा शोध शेवटी लागला तो तांदळाच्या डब्याशी. आई भाताला तांदूळ घेते तो मुठीने. माणशी एक मूठ. आणि सगळ्यांचे मोजून झाले की आणखी एक. लेकीने विचारलं, “आजी, ही पाचवी कुणाची?”

“आल्यागेल्याची.”

“कोण येतं?”

आई गप्प झाली. खरंच, कोण येतं? पूर्वी करमाळ्याहून कुणी दवाखान्याला यायचं, कुणी परीक्षेला, कुणी नुसतंच. पातेलं खरवडल्याचा आवाज पाहुण्याच्या कानावर जाता कामा नये, ही तिची शिकवण. आता येणारा आधी फोन करतो, पार्किंग आहे का विचारतो, आणि आल्यावर सांगतो की मी रात्री भात सोडलाय. तो पाचव्या मुठीचा भात वर्षानुवर्षं रोज शिजत होता आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पानात येत होता. म्हणजे आमच्या घरचा आलागेला तो मीच.

बऱ्याच वाटाघाटी होऊन अर्ध्या मुठीवर तोड निघाली. आई अर्धी मूठ घेताना बोटं अशी काही मिटते, की तिची पाऊण होते, पण तिकडे कुणी बघायचं नाही असंही ठरलं. वरचा कप्पा हळूहळू मोकळा झाला. एका मंगळवारी मला मंगळवारची भाजी मिळाली. बटाट्याचीच होती, पण गरम होती.

आणि मग एका शनिवारी रात्री साडेआठला, फोन न करता, माझा मामेभाऊ बायकोमुलांसह दारात उभा राहिला. इकडे एका लग्नाला आले होते, म्हटलं आत्याला भेटून जाऊ. आईने “या, या” केलं आणि मान वळवून लेकीकडे जी नजर टाकली, ती मी जन्मात विसरणार नाही. कुकर परत लावायला वेळ नव्हता, म्हणून बाहेरून मागवलं. कमी पडू नये म्हणून सगळंच दोन-दोन मागवलं. मंडळी लग्नात पोटभर जेवलेली, वहिनींचं संध्याकाळी सातनंतर बंद, मुलांना फक्त नूडल्स हव्या होत्या. आई “घे रे, लाजतोस काय” म्हणत राहिली आणि तो पोटावर हात ठेवून “आत्या, जागाच नाही” म्हणत राहिला. ते गेल्यावर टेबलावर प्लास्टिकचे सहा डबे होते, निम्म्याच्या वर भरलेले. बिल वहीत लिहायला लेकीने पेन उघडलं आणि परत मिटलं. डब्यांवर तिने तारीख मात्र टाकली आणि ते ओळीने वरच्या कप्प्यात लावले.

काल दुपारी मी जरा आडवा झालो होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून झाकण उघडल्याचा आवाज आला.

“अहो, झोपलात का? ही पनीरची ग्रेव्ही बघा हो जरा...”