‘दोन बिलांना एकच नंबर’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

शनिवारी संध्याकाळी ऐन गर्दीत बिलं सेव्ह होईनात, गिऱ्हाइकं खोळंबली, याबद्दल मनापासून माफी मागतो. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण ‘हे सॉफ्टवेअर दोन बिलांना एकच नंबर देतं, हिशोबाचा भरवसा नाही’ हे वाक्य फार लागलं. ते वाचून दुसरा दुकानदार आमच्याकडे फिरकणार नाही, आणि आमचं घर यावरच चालतं. म्हणून सविस्तर लिहितो.

सेव्ह करताना तुम्हाला दिसलेला ‘डुप्लिकेट की’, म्हणजे ‘हा नंबर आधीच आहे’, हा एरर येतो तोच मुळी डेटाबेस एक नंबर दोनदा लिहू देत नाही म्हणून. तुमचं एकही बिल पुसलं गेलेलं नाही. सॉफ्टवेअरच्या आत पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. त्यात नोंदीचा आयडी सिक्वेन्समधून, म्हणजे ओळीने पुढचा नंबर देणाऱ्या मोजणीतून येतो आणि हा सिक्वेन्स टेबलापासून वेगळा असतो. तुमच्या भाच्याने जुनी ३,४६० बिलं एक्सेलमधून थेट टेबलात भरली, आयडीच्या कॉलमसकट. आयडी असा बाहेरून दिला की सिक्वेन्सला त्याचा पत्ताच नसतो. तो १ पासूनच नंबर द्यायला लागला आणि १ तर आधीच भरलेला. आमच्या इम्पोर्टच्या स्क्रीनमधून भरली असती तर सिक्वेन्सही पुढे गेला असता. इन्स्टॉल करताना हे सांगितलं होतं, सर.

‘दर वेळी एररमध्ये नवाच नंबर’ असंही लिहिलंय तुम्ही. सेव्ह फसलं तरी सिक्वेन्स दिलेला नंबर परत घेत नाही. तुम्ही जितक्यांदा बटण दाबलंत तितका तो पुढे सरकला, एवढंच. जीएसटी बिलावर छापला जाणारा अनुक्रमांक वेगळ्या कॉलममध्ये आहे, त्यात खंड नाही. सीएंना खुशाल दाखवा.

दुरुस्ती एका ओळीची होती: सर्वांत मोठा आयडी काढायचा आणि सेटव्हॅल या फंक्शनने सिक्वेन्स तिथे आणायचा. आमच्या सपोर्टच्या मुलाने ती दुकान बंद व्हायच्या आत करून दिली, एक रुपयाही न घेता. रिव्ह्यूत तेवढं आलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या अपडेटमध्ये हा कॉलम ‘जनरेटेड ऑलवेज’ करायचं चाललंय, म्हणजे साध्या इन्सर्टने आयडी बाहेरून घालताच येणार नाही. बाकीचंही बघतोय. तोवर टेबलाला थेट हात लावण्याआधी आम्हाला एक फोन करा, रविवार असला तरी.